कावळा, भाल्या आणि पिस्ता रंगाची क्रूझर

शेजारच्या पिंडाला कावळा शिवला, त्यांची माणसं नदीत बुडी मारून घरी जेवायला निघालीसुद्धा, आणि आमचा भाल्या तांबवेकर अजून तसाच उन्हात. म्हणजे भाल्या नव्हे, त्याचा पिंड. पण तो गेलाय हे दहा दिवसांत माझ्या डोक्यात नीट बसलंच नव्हतं, त्यामुळं मला तो भाल्याच वाटत होता. भाताचा गोळा, वर काळे तीळ, एका बाजूला त्याच्या आवडीचं भडंग, दुसऱ्या बाजूला दोन जिलब्या आणि द्रोणात दही. एवढा थाट मांडून बसलेला आणि कुणाचं ऐकायला तयार नाही. जिवंतपणीही हेच करायचा.

कावळे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. कृष्णेच्या घाटावर त्या दिवशी नुसता कलकलाट होता. त्यातला एक, मानेला करडा, चांगला खात्यापित्या घरचा, समोरच्या चिंचेवर येऊन बसला. त्यानं पिंडाकडं बघितलं, जिलबीकडं बघितलं आणि मग मान फिरवून निवांत नदी बघत बसला. चैत्राचं ऊन, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, आणि आम्ही वीसेक माणसं अनवाणी, एकदा हा पाय उचल, एकदा तो.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "एकेकानं पुढं या, हात जोडा, शब्द द्या. योग्य शब्द पोचला की येतो तो."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मारुती चौकात माझं चष्म्याचं दुकान. डोळ्याला दिसतं तेवढंच खरं मानायचं, यावर माझा धंदा चालला. पण शालनवहिनी, म्हणजे भाल्याची बायको, भावकीतल्या सगळ्यांचा विरोध मोडून घाटावर आल्या होत्या आणि भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत पदर आवळून उभ्या होत्या. त्यांची नजर त्या कावळ्यावरून हलत नव्हती. त्यांच्यासाठी तो कावळा म्हणजे नवऱ्याकडून आलेला शेवटचा निरोप होता आणि निरोप काही येईना. मग माझ्या विश्वासाला कोण विचारतो?

पहिला पुढं झाला भाल्याचा मुलगा सुहास. पुण्याला असतो, कंप्युटरमध्ये. डोक्याचा गोटा केल्यामुळं बिचारा ओळखू येत नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला पुण्याला घेऊन जातो."

"मी कुठंही जाणार नाही," मागून वहिनी म्हणाल्या.

झालं, पहिला शब्द तिथंच बाद झाला. कावळ्यानं चोचीनं पंख साफ करायला घेतले.

मग बंडू मगदूम आला. बंडू आमच्या जुन्या सायकलींच्या मंडळाचा खजिनदार. खजिना कधी नव्हताच, पण खजिनदार हवा म्हणून तो. घसा खाकरून म्हणाला, "भालूभाऊ, तुमच्या सगळ्या सायकली मंडळ जपेल. एकसुद्धा भंगारात जाऊ देणार नाही." सुहासनं चमकून त्याच्याकडं बघितलं, कारण भंगारवाल्याला तो बोलून बसला होता हे मला ठाऊक होतं. कावळा ढिम्म.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "भाल्या, तुझ्या रॅलेला मी दर रविवारी स्वतःच्या हातानं तेल घालीन." रॅले ही भाल्याची सगळ्यात लाडकी सायकल. विलायती, त्याच्या मामाची, तिच्या चेनकव्हरवर तो आपल्या पोरापेक्षा जास्त माया करायचा. मला वाटलं, आता येणार. कावळ्यानं जांभई दिली. कावळे जांभई देत नाहीत म्हणतात, पण ह्यानं दिलेली मी बघितली.

एक वाजायला आला. सुहासला चक्कर यायला लागली. गुरुजींना पुढचं काम होतं, ते हळूच म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू आणि त्याचा स्पर्श करवू. तोही चालतो."

"नको," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "नकली कावळा मला नको. खरा येईल तेव्हा येईल. मी थांबते."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. आणि बंडू मगदूम, ज्याला गप्प बसायचं कळत नाही, तो म्हणाला, "मला वाटतंय क्रूझरचंच असणार."

वीसच्या वीस माणसं माझ्याकडं बघायला लागली.

आता त्या क्रूझरचं सांगायला पाहिजे. आमचं मंडळ दर रविवारी सकाळी आमराईत जमायचं. मी अध्यक्ष, कारण मंडळ मी काढलं. वर्षभर चकाट्या पिटायच्या आणि खंडेनवमीला, हत्यारांची नि वाहनांची पूजा झाली की, सगळ्या जुन्या सायकलींना झेंडूचे हार घालून गणपती मंदिरापासून विश्रामबागेपर्यंत फेरी काढायची. फेरीत चाळीस वर्षांपेक्षा लहान सायकल घ्यायची नाही, हा नियम. नियमही मीच केलेला. भाल्या आणि मी सिटी हायस्कूलच्या एका बाकावरचे. तो पुढं पाटबंधारे खात्यात चिकटला, मी काचा घासत बसलो, पण रोज एकदा भांडल्याशिवाय आम्हां दोघांना अन्न गोड लागायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी भाल्या आमराईत आला तो एका वेगळ्याच जनावरावर बसून. पिस्त्याचा रंग. म्हशीच्या शिंगांसारखं मागं वळलेलं रुंद हँडल. पोळपाटाएवढं सीट. मोटरसायकलला शोभतील असे जाड टायर. वरचा दांडा सरळ नाहीच, मध्येच पोट सुटल्यासारखा लोंबून खाली गेलेला. ब्रेकसुद्धा हाताला नाही. पायडल उलटं मारलं की थांबते म्हणे.

"हे काय?" मी विचारलं.

"क्रूझर."

"कुणाची?"

"माझी."

"नातीची म्हणायचं असेल तुला."

"रंग्या, नीट बघून घे," भाल्या खाली न उतरताच म्हणाला. "चाळीस वर्षांनी या सायकलीसाठी लोक रांगा लावतील. आज ज्याला हसतोस ना, ती उद्याची क्लासिक आहे."

मंडळी हसली. मीही हसलो. पण गडी हटेना. एक रविवार झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या रविवारी त्यानं रीतसर विषय काढला की फेरीत 'भावी क्लासिक' असा एक वेगळा गट करावा आणि त्यात त्याची क्रूझर घ्यावी. मग मात्र माझं टाळकं सरकलं.

"हे बघ भाल्या," मी म्हटलं, "तुझ्या रॅलेच्या नाकावर पितळी बिल्ला आहे. हिच्या नाकावर काय आहे? स्टिकर. दोन पावसाळ्यांत सोलून निघेल."

"मग जिच्यावर टिकेल तिला जास्त मान मिळेल."

"ही जन्मल्यापासून म्हातारीचं सोंग घेऊन आली आहे. अमेरिकेतल्या कुठल्या तरी जुन्या सायकलींची नक्कल. सोंगाला कधी कोण क्लासिक म्हणतं का?"

"तुझी हंबर सायकल कुणाची तरी नक्कल नव्हती? दोन चाकं, दोन पायडलं. तिच्या बापाचं बघूनच ती पण शिकली असेल."

"माझ्या वडिलांनी त्या हंबरवरून तासगावहून द्राक्षाच्या पेट्या आणल्यात. घाम प्यालीय ती. तुझी ही काय करणार? संध्याकाळी हवा खायला जाणार. नुसती हवा खाऊन कुणी थोर होतं का?"

"आपल्या गावात बरेच झालेत," भाल्या म्हणाला, आणि सगळी आमराई हसली.

मी सोडलं नाही. म्हटलं, कारखाना दरवर्षी नवा रंग काढतो, हजारांनी खपवतो, दहा वर्षांनी हिचा एक पार्ट मिळायचा नाही. त्यावर भाल्यानं मांडीवर थाप मारली. "तेच सांगतोय मी. मिळत असतं ते कोण जपतं? तुझी हंबर घरोघरी होती तेव्हा लोक तिच्यावर म्हशीचं गवत आणत होते. निम्म्या भंगारात गेल्या म्हणून उरलेल्यांना तू हार घालतोस. हिचंही तेच होणार. फक्त तोवर कुणीतरी गाढवानं एक सांभाळायला पाहिजे. तो गाढव मी."

खरं सांगतो, मुद्दा नसला की माणूस अध्यक्ष होतो. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. सायकल चाळीस वर्षांची झाली की घेऊन ये. मी स्वतः हार घालीन."

"तेव्हा मी एकशे नऊ वर्षांचा असेन."

"मग सांभाळून चालव."

त्यावर भाल्या हसला. आम्ही मिसळ खाल्ली, पैसे त्यानं दिले, मी देऊ दिले. पुढचे चार महिने तो त्या पिस्त्यावर बसून सांगलीभर हिंडला. माझ्या दुकानापुढं आला की मुद्दाम घंटी वाजवायचा आणि मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर फ्रेम चढवता चढवता ओरडायचो, "आली बघा आइस्क्रीमची गाडी." फाल्गुनात एका दुपारी जेवण करून खुर्चीत टेकला तो उठलाच नाही. त्रास काही झाला नाही. भांडणसुद्धा अर्धवट टाकून गेला.

आणि आता ही वीस माणसं आणि एक कावळा.

"काका, म्हणून टाका," सुहास म्हणाला. बिचारा भिंतीला टेकला होता. "क्लासिक आहे म्हणा. दोन शब्दांचं तर काम आहे."

वहिनींनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी पुढं गेलो. हात जोडले. म्हटलं, "भाल्या, तुझी क्रूझर क्लासिक आहे. मान्य."

कावळ्यानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. मग पंख पसरले, उडाला, आमच्या डोक्यांवरून सरळ पलीकडं गेला आणि लांब पत्र्याच्या शेडवर पाठ करून बसला.

बंडूला हसू आवरेना. तोंडात उपरणं कोंबून तो वळला. मागून भावकीतला कुणीतरी पुटपुटला, "अध्यक्षांचं खोटं त्यानं ओळखलं."

"मनापासून म्हणा," गुरुजी म्हणाले.

"मनापासून कसं म्हणू?" मी म्हटलं. "आहे का ती क्लासिक? तुम्ही बघितलीय का? जन्मात कधी मी या माणसाच्या होला हो केलेलं नाही. एकदम करायला लागलो तर त्याला वाटेल मीच आजारी आहे."

"दहाव्याला तरी जरा समजून घ्यावं माणसानं," सुहासचा चुलता म्हणाला. बाकीचेही कुजबुजायला लागले. माझेही पाय भाजत होते, डोकं भाजत होतं, आणि मेलेल्या माणसाशी भांडण हरायची पाळी आल्यामुळं मी आणखीच हट्टाला पेटलो होतो.

"भाऊजी, जरा इकडं या," वहिनी म्हणाल्या.

मी सावलीत गेलो. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या होत्या.

"त्यांना क्लासिक-बिसिक काही नको होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, त्यांचा उजवा पाय दांड्यावरून पलीकडं जात नव्हता. खुबा गेला होता. पहाटे उठून परसात रॅले घेऊन प्रयत्न करायचे. माणसं उठायच्या आत. एकदा सायकलसकट जास्वंदीत पडले. मी बाहेर आले तर मला म्हणाले, फुलं तोडतोय."

मला मागच्या दोन फेऱ्या आठवल्या. दोन्ही वेळा भाल्या रॅले हातात धरून चालत आला होता. बसून गेलो तर लोकांना सायकल दिसणार कशी, असं ऐटीत सांगायचा, आणि आम्ही सगळ्यांनी वा वा केली होती. दुसऱ्या वर्षी तर त्याचं बघून बंडूही चालला होता.

"डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा," वहिनी सांगत होत्या. "ते दुकानात गेले आणि दांडा खाली असलेली सायकल दाखवा म्हणाले. त्यानं लेडीज सायकल काढली. ती नको म्हणाले. रंग्यानं बघितली तर चितेपर्यंत सोडायचा नाही. मग ती हिरवी दिसली. तिचा दांडा खाली, आणि वर असं काही सांगता येईल अशी. घरी येईपर्यंत त्यांनी ते क्लासिकचं सगळं जुळवून ठेवलं होतं. माझ्यापुढं पाठ करून दाखवलं."

"मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"मीही तेच म्हटलं. मला शपथ घातली. म्हणाले, रंग्याला कळलं तर तो भांडायचा बंद होईल. माझ्याशी नीट वागायला लागेल. हळू चल, बस जरा, पाणी घे, असलं बोलेल. ते मला सोसायचं नाही." वहिनींनी डोळे पुसले. "त्यांना एकदा फेरीत बसून जायचं होतं, भाऊजी. चालत नाही. बसून. बस, एवढंच होतं."

लोक म्हणतात अशा वेळी माणसाला भडभडून येतं. मला आधी राग आला. असा राग की पायाखालची फरशी तापलेली आहे हेही विसरलो. चार महिने हा माणूस माझ्याशी स्टिकर आणि बिल्ल्यावरून भांडला, आणि मीही मूर्खासारखा मुद्दे काढत बसलो, रात्री अंथरुणात पडून नवे मुद्दे आठवत होतो. आणि गोष्ट काय, तर एक पाय.

मी तरातरा पिंडापुढं गेलो. हात जोडलेच नाहीत.

"भाल्या, गाढवा," मी म्हटलं. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. "एवढं साधं सांगायला तुझी वाचा बसली होती का? फुलं तोडत होतास काय? आयुष्यात कधी देवाला एक फूल वाहिलं नाहीस. आणि मी नीट वागेन अशी तुला भीती वाटली? साठ वर्षांत कधी वागलो होतो का? तेवढीसुद्धा ओळख नाही ठेवलीस तू माझी."

पलीकडं शेडवर कावळा वळला. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी भाल्याशी बोलत होतो.

"आता ऐक. तुझी सायकल क्लासिक नाही. आज नाही. तू मेलास म्हणून मी नियम बदलणार नाही, तसली मेहेरबानी तुला नकोच होती ना? घे मग. पण मी तिला सडूही देणार नाही. मी चालवणार ती. दर खंडेनवमीला मी स्वतः त्या पिस्त्यावर बसणार आणि फेरीच्या पुढं जाणार. फेरीत नाही, फेरीच्या पुढं. अध्यक्षानं रस्ता मोकळा करायला कशावर बसून जावं, असं नियमात कुठं नाही. नियम मी केलाय, मला माहीत आहे. तू चालत गेलास ना दोन वर्षं? आता तुझ्या सायकलीवरून मी बसून जातो. आणि चाळीस वर्षं भरली की हार घालतो. मी असलो तर मी, नाहीतर बंडू. बंडू नसला तर सुहास. पण तोवर नाही म्हणजे नाही. समजलं का, लेका?"

शेवटच्या शब्दाला माझा आवाज फुटला. दहा दिवस कुठं दडला होता तो हुंदका कोण जाणे, तिथं सगळ्यांदेखत बाहेर आला.

कावळा आला. एकदम नाही आला. आधी पायरीवर उतरला, दोन उड्या मारल्या, भडंग चाखलं, मग एक जिलबी ओढून बाजूला ठेवली, म्हणजे मला तर ते भाल्याचंच जेवण वाटलं, तोही गोड शेवटाला ठेवायचा. मग त्यानं पिंडात चोच खुपसली आणि चांगला मोठा घास घेऊन उडाला.

"शिवला," गुरुजी म्हणाले आणि लगेच आवरायला लागले. भावकी नदीकडं पळाली. वहिनी तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं, हलकं झाल्यासारखं. मी नदीकडं तोंड करून उभा राहिलो आणि पोटभर रडून घेतलं. त्यात लाज कसली?

बंडू आजही म्हणतो, एक वाजून गेला होता, कावळ्याला भूक लागली असणार. असेल. मला वाद घालायचा नाही. मी शब्द भाल्याला दिला होता, कावळ्याला नाही.

दुसऱ्या दिवशी क्रूझर आणायला गेलो. सुहासनं काढून दिली. गेटातून बाहेर पडलो, उतार लागला, आणि सवयीनं मी ब्रेकसाठी हातांची बोटं आवळली. हातात ब्रेक नाही हे आठवेपर्यंत मी उसाच्या रसाच्या गाड्यात शिरलो होतो. रसवाला म्हणाला, "काका, या वयात लेकरांची सायकल कशाला?" भाल्या असता तर त्यानं वर्षभर पुरवून पुरवून ही गोष्ट सांगितली असती. मी उसाच्या चिपाडांत बसल्या बसल्या त्याला दोन शिव्या दिल्या.

त्याला आता नऊ वर्षं झाली. दर खंडेनवमीला मी फेरीच्या पुढं त्या पिस्त्यावर असतो. पिस्त्याचा आता फिकट दुधी झालाय. स्टिकर निघाला नाही, मी त्यावर पारदर्शक नेलपॉलिश लावून घेतलं, ते वहिनींनी सुचवलं. टायर कुठं मिळत नाहीत. कोल्हापूर झालं, पुणं झालं, दुकानदार म्हणतात, असली आता येतच नाही. कारखान्यानं ते मॉडेल कधीच बंद केलं. मागच्या वर्षी मुंबईचा एक दाढीवाला पोरगा फेरीत आला होता. माझ्या हंबरकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. क्रूझरभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "काका, ही विकणार का? ही क्लासिक आहे."

"नाही," मी म्हटलं. "अजून एकतीस वर्षं आहेत."

त्याला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. वाटू दे.

फेरी वहिनींच्या घरावरून जाते. त्या दर वर्षी फाटकाशी ताट घेऊन उभ्या असतात आणि क्रूझरला ओवाळतात. यंदाही उभ्या होत्या. मी थांबलो, उतरलो. त्यांनी हँडलला कुंकू लावलं, चाकापुढं नारळाचं पाणी शिंपडलं, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "हल्ली दुकानापुढं हंबर दिसत नाही तुमची."

"घरी आहे ती," मी म्हटलं. "हल्ली रोज हीच चालवतो. शब्द दिलाय ना भाल्याला, सडू देणार नाही म्हणून. दोन-दोन सायकली कोण चालवत बसणार?"

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.

मागं फेरी खोळंबली होती, बंडू घंटी वाजवत होता. मी हँडल धरलं आणि दांडा ओलांडून पाय पलीकडं टाकायला गेलो. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी सायकल जरा कलती केली, तेव्हा जमलं. मान वर केली तर वहिनी ताट हातात धरून माझ्या पायाकडं बघत होत्या.

त्या काही विचारतील म्हणून मी गडबडीनं पायडलवर पाय ठेवला. त्यांनी विचारलं नाही. जरा पुढं आल्या, मागच्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं वाकल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, सीट अजून दोन बोटं खाली करून घ्या. त्यांनाही शेवटी तेवढं खाली घ्यावं लागलं होतं."